मदत हवी आहे: उसाचं पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो, सेंद्रिय कर्ब ०.३८, काय करावं?

कृष्णाकाठ:
तालुका वाळवा, जि. सांगली. दोन एकर भारी काळी जमीन, पाटपाणी, सरी साडेचार फुटी. को ८६०३२ या जातीचा अडसाली (दीड वर्षाच्या लागणीचा) ऊस आठ दिवसांत तुटेल, खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) धरायचा आहे. माती अहवाल असा: पीएच ८.३, ईसी (क्षारांचं प्रमाण) ०.६, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुनखडी ९ टक्के, पालाश भरपूर, लोह ३.२ पीपीएम, जस्त ०.४ पीपीएम. नांगरट केली की डोक्याएवढी ढेकळं निघतात.

पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळायचं नाही हे पक्कं आहे. पण पाचट सरीत ठेवलेल्या रानात दीड-दोन महिन्यांनी खोडवा पिवळा पडतो, फुटवे कमी येतात आणि जाळलेलं शेजारचं रान हिरवंगार दिसतं. कृषी सेवा केंद्रातून एकरी दहा पोती जिप्सम आणि गंधक टाकायला सांगितलं आहे. टाकू का? आणि पाचटाचं नेमकं कुठे चुकतं?

वाफसा:
दादा, चूक पाचटाची नाही, त्याला नत्र न दिल्याची आहे. हिशेब बघा. एकरी साधारण ४ टन पाचट निघतं. त्यात कर्ब ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १६०० किलो, आणि नत्र ०.५ टक्का धरलं तरी २० किलो. कर्ब-नत्र प्रमाण झालं ८० ला १. एवढं कोरडं खाद्य कुजवायला जिवाणूंना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं ओढून घेतात आणि उसाला काही उरत नाही. जाळलेल्या रानात ही ओढाताण नसते, म्हणून ते दोन महिने हिरवं दिसतं. पण तिथलं ते २० किलो नत्र, म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया, धुरातून गेलेलं असतं आणि कर्बही.

म्हणून ऊस तुटल्यावर पाचट सरीत दाबलं की लगेच एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन द्यायचं. युरियातून २३ किलो नत्र मिळतं आणि प्रमाण ३७ ला १ वर येतं. हा युरिया खोडव्याच्या खतात धरू नका, तो पाचटाचा आहे.

आणि एक. तुमच्या पीएचला युरिया कोरड्या पाचटावर फेकून ठेवला तर बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. फेकला की त्याच दिवशी पाणी सोडा. संवर्धन मात्र खतात कालवू नका, ४० किलो ओलसर शेणखतात मिसळून वेगळं टाका.

मातीपरीक्षण:
जिप्सम टाकू नका. ते चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीचं औषध आहे, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की लागतं, आणि तिथे पीएच बहुधा ८.५ च्या पुढे असतो. तुमचा ८.३ चुनखडीमुळे आहे. खात्री हवी असेल तर सोडियमची तपासणी करून घ्या, पण त्याआधी पोती आणू नका.

गंधकाचंही तेच. एकराच्या वरच्या १५ सेंमी थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. ९ टक्के चुनखडी म्हणजे ८१ टन. ती विरघळवायला २५ टनांहून जास्त गंधक लागेल! दहा-वीस किलो गंधक अन्नद्रव्य म्हणून चालेल, पीएच त्याने हलणार नाही.

खरी उणीव लोह-जस्ताची आहे. लोह ४.५ आणि जस्त ०.६ च्या खाली म्हणजे कमतरता. पिवळेपणा कोणत्या पानावर आहे ते आधी सांगा. जुनं पान सगळंच फिकट असेल तर नत्र. कोवळं पान पिवळं-पांढरं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, म्हणजे केवडा.

कृष्णाकाठ:
दोन्ही दिसतं. सुरुवातीला खालची पानं, नंतर पोंग्याजवळची शिरा सोडून पांढरी. पाणी दर दहा-बारा दिवसांनी देतो.

मातीपरीक्षण:
मग पाणी हे तिसरं कारण. पाचटाखाली ओल टिकते. तरीही पूर्वीच्याच दहा-बारा दिवसांच्या पाळीने पाणी दिलं तर चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना लोह घेता येत नाही. पाळी दिवसांवर ठरवू नका. पाचट बाजूला सारून वीतभर खोलीची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि तो चिकट, चकचकीत असेल तर थांबा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर पाणी द्या.

फेरस सल्फेट १० किलो आणि झिंक सल्फेट ८ किलो एकरी, १०० किलो शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस सावलीत मुरवा. नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी ते बांधून टाकते. केवडा दिसलाच तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं तर ते वाया गेलं, ताजं करा.

बांधावरचा:
कामाचा क्रम सांगतो, कारण बरेचदा इथेच घोळ होतो. पाचट बुडख्यांवर पडून राहिलं की कोंब खालीच पिवळे होतात. तोडणी झाली की सगळं सरीत ओढा, बुडखे मोकळे दिसले पाहिजेत. धारदार कोयत्याने ते जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या कांडीवरून फुटलेला कोंब कमजोर असतो, त्याला स्वतःची मुळं धरत नाहीत. छाटल्यावर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन बुडख्यांवर फवारा. वरंब्याच्या बगला फोडू नका.

पहिलं पाणी सावकाश सोडा. जोरात सोडलं तर पाचट तरंगून पुढे गोळा होतं आणि सरी तुंबते. भिजल्यावर पायाने दाबून घ्या, पुढच्या पाण्याला त्रास होत नाही.

पाचट कुजवायचा युरिया-सुपर सोडून खोडव्याचं रासायनिक खत पाचटावर फेकायचं नाही, पहारीने द्यायचं. बेटापासून १०-१५ सेंमीवर, १५ सेंमी खोल, फुटाफुटावर भोक. पहार रोवून जरा हलवा, मूठभर खत सोडा, टाचेने तोंड दाबा. एका बाजूला अर्धं खत पंधरा दिवसांत, उरलेलं दुसऱ्या बाजूला १३५ दिवसांनी. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र:स्फुरद:पालाश आहे, म्हणजे एकरी १००:४६:४६. मुरवलेलं लोह-जस्त वेगळ्या भोकात द्या, सुपर फॉस्फेटबरोबर जस्त बांधलं जातं.

कृष्णाकाठ:
युरियाऐवजी जीवामृत चालेल का? आणि कर्ब ०.३८ चा किती वर्षांत वाढेल?

वाफसा:
जीवामृत पाण्याबरोबर जरूर सोडा, पण २०० लिटरमध्ये १० किलो शेण असतं. त्यात २३ किलो नत्र कुठून येणार? युरिया नकोच असेल तर तेवढं नत्र पेंडीतून किंवा कोंबडखतातून द्यावं लागेल.

कर्बाचं सांगतो. ९ लाख किलो मातीत ०.१ टक्का म्हणजे ९०० किलो कर्ब. पाचटातल्या १६०० किलोंपैकी बहुतेक जिवाणूंच्या श्वासात जातो, मातीत स्थिर राहणारा फार तर दीड-दोनशे किलो. म्हणजे एका खोडव्यात ०.०२ टक्का, तोही जमिनीतला जुना कर्ब जास्त न खर्चता. प्रयोगशाळेला हा फरक दिसणारही नाही. दरवर्षी तपासून निराश होऊ नका. तीन वर्षांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच महिन्यात, खत द्यायच्या आधी नमुना काढा.

खोडवा निघाला की मोकळं रान ठेवू नका. ताग एकरी २५ किलो पेरा आणि ४५-५० दिवसांनी, फुलं दिसू लागताच गाडा. उशीर केला तर खोड निबर होतं आणि कुजताना पुन्हा नत्र ओढतं.

बांधावरचा:
ढेकळांबद्दल: वाफसा (ना फार ओली, ना फार कोरडी माती) नसताना नांगरू नका. भारी जमीन ओली नांगरली की तासाच्या तळाला चकाकी येते, तोच थर पुढे दगडासारखा होतो.