क्लॉपनंतर कोण? लिव्हरपूलच्या पुढच्या मॅनेजरची निवड आजच्या संघाकडे पाहून व्हावी

मूळ लेखन, १९ एप्रिल २०२४

काल रात्री बर्गामोत आपण अटलांटाला १-० असे हरवले, पण त्याआधी आपल्या घरच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, झालेल्या ०-३ पराभवाचे ओझे उतरवता आले नाही आणि युरोपा लीगमधला आपला प्रवास उपान्त्यपूर्व फेरीत थांबला. प्रीमियर लीगमध्ये मात्र सहा सामने बाकी आहेत आणि आपण मॅंचेस्टर सिटीच्या दोनच गुणांनी मागे आहोत, म्हणून हंगाम संपला असे मी मुळीच म्हणत नाही. पण युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारीला निरोपाची घोषणा केल्यापासून प्रत्येक सामना पाहताना मनात दुसरा एक प्रश्न चालू असतो, आणि तो आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

बहुतेकांचे पहिले नाव झाबी अलोन्सो हे होते. माझेही होते. आपण चॅम्पियन्स लीग जिंकलो ती २००५ची इस्तंबूलची रात्र ज्याने मैदानावर अनुभवली, ज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये तळाच्या दोन संघांत असलेले लेव्हरकुसेन हाती घेऊन परवाच्या १४ एप्रिलला त्या क्लबला पहिले बुंडेसलीगा विजेतेपद मिळवून दिले, तो आपल्याकडे यावा असे वाटणे स्वाभाविक होते. २९ मार्चला त्याने लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे स्पष्ट केले. आता चर्चेत मुख्यतः पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचे रुबेन अमोरिम, ब्रायटनचे रॉबर्टो डी झेर्बी आणि, कमी आवाजात, नेदरलँड्समधील फेयेनूर्दचे आर्ने स्लॉट ही नावे आहेत. माझे मत स्लॉट यांच्या बाजूने आहे.

क्लॉप मागे ठेवून जात आहेत तो संघ मोडकळीला आलेला नाही. हेंडरसन, फॅबिन्यो, मिल्नर, कीटा हे सगळे गेल्या उन्हाळ्यात गेले आणि त्यांच्या जागी मॅक अॅलिस्टर, सोबोस्लाय, एन्डो, ग्रॅव्हनबर्च आले, म्हणजे मधल्या फळीचे नूतनीकरण आधीच होऊन गेले आहे. फेब्रुवारीत लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध ब्रॅडली, क्वान्सा, क्लार्क, मॅककॉनेल, डॅन्स ही मुले उतरली आणि आपण अतिरिक्त वेळेत व्हॅन डाइकच्या हेडरवर जिंकलो. अशा संघाला त्याची सवय समजून घेणारा मॅनेजर हवा. स्लॉट चार जणांची बचावफळी खेळवतात, चेंडू गमावताच तो वरच्या भागातच परत मिळवण्याचा आग्रह धरतात आणि विंगरना, म्हणजे बगलेवरच्या आघाडीच्या खेळाडूंना, रुंदीवर ठेवतात. आजच्या खेळाडूंना आपले पाठ नव्याने गिरवावे लागणार नाहीत.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०२२ च्या उन्हाळ्यात फेयेनूर्दने सिनिस्टेरा, मलासिया, सेनेसी आणि आउर्सनेस हे चार आधारस्तंभ विकले, आणि पुढच्याच हंगामात तोच क्लब एरेडिव्हिसीचा, म्हणजे डच लीगचा, विजेता झाला. संघ विस्कटल्यावर पुन्हा उभा करण्याची ही क्षमता ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाती चांगला संघ दिला तर काय होईल, याचा विचार करावा.

प्रतिसाद १

आपल्या मांडणीतील पहिलाच आधार मला मान्य नाही. क्लॉप यांच्यासारखेच खेळवणारा माणूस आणला, तर तो पहिल्या दिवसापासून क्लॉप यांच्याशी तोलला जाईल आणि प्रत्येक वेळी उणाच ठरेल. नऊ वर्षांच्या नात्यानंतर क्लबला स्वतःचा ठसा घेऊन येणारा माणूस हवा, आणि तो अमोरिम आहेत.

स्पोर्टिंगने मार्च २०२० मध्ये ब्रागाला सुमारे एक कोटी युरो देऊन त्यांना आणले, तेव्हा त्या निर्णयाची पुष्कळ चेष्टा झाली होती. त्यांच्या पहिल्याच पूर्ण हंगामात, २०२०-२१ मध्ये, स्पोर्टिंगने १९ वर्षांनंतर लीग जिंकली. यंदा ते पुन्हा पहिल्या स्थानावर आहेत. खेळाडू विकले जाण्याचाच मुद्दा असेल, तर पालिन्या, मातेउस नुनेस, पोरो, उगार्ते यांची यादी फेयेनूर्दच्या यादीपेक्षा कमी वजनाची नाही.

अमोरिम तिघांची बचावफळी खेळवतात, पण तिची भीतीही अवास्तव आहे. कॉन्ते यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ०-३ अशी हार पत्करल्यावर चेल्सीची रचना बदलली, सलग १३ लीग सामने जिंकले आणि विजेतेपद मिळवले. टुखेल यांनी जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीत येताच तिघांची बचावफळी लावली आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला. उत्तम प्रशिक्षक असेल तर खेळाडू नवी रचना काही आठवड्यांत आत्मसात करतात.

मूळ लेखकाचे उत्तर

कॉन्ते आणि टुखेल ही उदाहरणे वजनदार आहेत, पण त्या दोघांनाही चेल्सीत आयते काय मिळाले हे पाहावे लागेल. कॉन्ते यांच्याकडे अॅझपिलिक्वेटासारखा, बचावफळीत कुठेही उभा राहू शकणारा खेळाडू होता. आपल्याकडे व्हॅन डाइक ३२ वर्षांचा आहे, मातिप डिसेंबरमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध दुखावल्यापासून बाहेर आहे आणि त्याचा करार संपत आला आहे. कोनाते सातत्याने उपलब्ध राहात नाही, आणि उरतात गोमेझ व क्वान्सा. चार स्पर्धांच्या हंगामात तिघांची फळी चालवायची, तर किमान पाच-सहा भरवशाचे मध्यवर्ती बचावपटू लागतात.

त्याहून मोठी अडचण पुढच्या भागात आहे. अमोरिम यांच्या रचनेत आघाडीच्या मागचे दोघे आतल्या बाजूने खेळतात आणि रुंदी विंगबॅक, म्हणजे बगलेने वर-खाली धावणारे खेळाडू, देतात. आपला विंगर लुइस दियाझ याचे सगळे सामर्थ्य रेषेजवळ चेंडू घेऊन समोरच्याला एकट्याने चकवण्यात आहे, त्याला आत आणून अर्धा करण्यात काय लाभ?

प्रतिसाद २

मला वाटते, नावांच्या आधी रचनेबद्दल बोलायला हवे, मैदानावरच्या नव्हे तर क्लबच्या. मायकेल एडवर्ड्स मार्चमध्ये मालकांच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख म्हणून परत आले, आणि रिचर्ड ह्यूज हे बोर्नमथहून क्रीडा संचालक म्हणून येत आहेत. म्हणजे पुढचा मॅनेजर निवडणारी माणसे आधी ठरली आणि मॅनेजर नंतर ठरेल. हाच योग्य क्रम आहे.

२०१३ मध्ये मॅंचेस्टर युनायटेडमध्ये नेमके उलटे झाले. मॅनेजर फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले, उत्तराधिकारी म्हणून मोयेस यांचे नाव फर्ग्युसन यांनीच पुढे केले, त्यांना सहा वर्षांचा करार मिळाला, आणि त्यांनी येताच फेलन, म्यूलेनस्टीन व स्टील हे जुने प्रशिक्षक बाजूला केले. विजेता संघ सातव्या स्थानावर आला आणि मोयेस एप्रिल २०१४ मध्ये गेले. सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण जुन्या व्यवस्थेतले काही म्हणता काही त्यांच्याभोवती उरले नव्हते.

आपल्याकडेही सहायक प्रशिक्षक लाइंडर्स आणि क्राविएट्झ क्लॉप यांच्याबरोबरच जात आहेत. म्हणून मी असा माणूस शोधते आहे, जो खरेदीचे निर्णय वाटून घेण्यात कमीपणा मानत नाही. स्लॉट फेयेनूर्दमध्ये त्याच पद्धतीने काम करत आले आहेत. सेनेसी बोर्नमथकडे गेला तेव्हा तिथे ह्यूजच होते, त्यामुळे स्लॉट यांच्या हाताखाली घडलेला खेळाडू कसा असतो हे त्यांनी जवळून पाहिलेले आहे. अमोरिमही हे करू शकतील, पण त्यांची रचना इतकी ठरलेली आहे की खरेदीच्या याद्या तिच्याभोवतीच तयार कराव्या लागतील, आणि तीन वर्षांनी ते गेले तर पुढच्या माणसाला विंगबॅकांनी भरलेला संघ मिळेल.

प्रतिसाद ३

एरेडिव्हिसीतल्या यशाचे इतके मोल लावणाऱ्यांनी थोडा मागचा इतिहास आठवावा. फ्रँक डी बूर यांनी अयाक्सला सलग चार विजेतेपदे मिळवून दिली होती, आणि २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्यांना ७७ दिवसांत काढले, लीगचे पहिले चार सामने एकही गोल न करता हरल्यावर. टेन हाग यांनी युनायटेडला लीग कप दिला आणि तिसरे स्थानही, पण यंदा त्यांचा संघ चॅम्पियन्स लीगच्या गटात तळाशी राहिला. दोघेही नेदरलँड्समध्ये स्लॉट यांच्यापेक्षा अधिक जिंकून आले होते.

युरोपातली नोंदही पाहा. २०२२ मध्ये कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात रोमाकडून हार, २०२३ मध्ये युरोपा लीगच्या उपान्त्यपूर्व फेरीत रोमाकडूनच हार, आणि या फेब्रुवारीत पुन्हा रोमाकडून, पेनल्टींवर. चॅम्पियन्स लीगच्या गटात अॅटलेटिकोने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवले. ७ एप्रिलला अयाक्सला ६-० ने हरवले हे खरे, पण आजचे अयाक्स हे कोणत्या स्थितीतले अयाक्स आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अॅनफिल्डवर वजन लागते, आणि ते वजन मला स्लॉट यांच्यात दिसत नाही.

प्रतिसाद ४

डी झेर्बी यांचे नाव इतक्या सहज बाजूला टाकले जाऊ नये. या यादीत प्रीमियर लीगचा अनुभव असलेले ते एकटेच आहेत. ब्रायटनला त्यांनी २०२२-२३ मध्ये सहाव्या स्थानावर नेले आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच युरोपात पोहोचवले. मॅक अॅलिस्टर त्यांच्या हाताखाली कसा फुलला हे आपण पाहिले आणि म्हणूनच त्याला विकत घेतले. प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढून घेऊन मागून चेंडू बाहेर काढण्याची त्यांची पद्धत अॅलिसनसारख्या गोलरक्षकाबरोबर किती खुलेल, याची मला फार उत्सुकता आहे.

प्रतिसाद ५

मी वयाने मोठा आहे, आणि मला वाटते की या क्लबच्या इतिहासात याचे उत्तर एकदा मिळालेले आहे. १९७४ मध्ये मॅनेजर शँकली अचानक गेले तेव्हा क्लबने बाहेर शोध घेतला नाही, तर १९३९ पासून क्लबमध्ये असलेल्या बॉब पेस्ली यांच्या हाती संघ दिला. पहिल्या हंगामात एकही मोठा चषक आला नाही. पुढच्या आठ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप आले. आज आतला माणूस उपलब्ध नाही हे मान्य आहे, पण पहिल्या कोऱ्या हंगामानंतरही पेस्ली यांना जो अवधी मिळाला, तो नव्या माणसाला देण्याची तयारी आपली आहे का? त्याखेरीज हे नाव की ते नाव हा वाद निष्फळ आहे.

केवळ जुना खेळाडू म्हणून जेरार्डचे नाव घेणाऱ्यांना मी सूनेस यांची आठवण करून देईन. १९९१ मध्ये आपला एक थोर कर्णधार मॅनेजर म्हणून परतला, घाईने संघ मोडला, आणि जानेवारी १९९४ मध्ये गेला. प्रेम ही पात्रता नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील युरोपची नोंद खरी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. पण तोच निकष दोघांना लावू या. ज्या अटलांटाने आपल्याला बाहेर काढले, त्याच अटलांटाने मार्चमध्ये अमोरिम यांच्या स्पोर्टिंगलाही बाहेर काढले. २०२२ मध्ये सिटीने लिस्बनमध्ये येऊन त्यांना ०-५ असे हरवले होते. याउलट २०२३ मध्ये स्पोर्टिंगने आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर पेनल्टींवर हरवले, हेही मी विसरलेलो नाही. त्या पातळीच्या पैशांवर चालणाऱ्या क्लबांना युरोपात असे चढउतार येणारच. म्हणून मी लीगकडे पाहतो, आणि तिथे अमोरिम यांच्या विकलेल्या खेळाडूंच्या यादीचे काय झाले? २०२२ च्या उन्हाळ्यात पालिन्या आणि नुनेस गेल्यावर स्पोर्टिंग चौथे आले. त्याच उन्हाळ्यात चार खेळाडू गमावून फेयेनूर्द पहिले आले.

डी बूर यांचे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे. क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी काय केले? ज्या संघाला चौघांच्या फळीची सवय होती, त्याला आल्या आल्या तिघांच्या फळीत उभे केले.

डी झेर्बी यांच्याबद्दल आदर आहे, पण मागून चेंडू काढण्यात इतका संयम अॅनफिल्डला रुचेल का, याची मला शंका आहे. गोलरक्षकाच्या पायाखाली चेंडू थांबला की आपल्याकडे प्रेक्षकांत कुजबूज सुरू होते.

प्रतिसाद १, पुन्हा

चौथ्या स्थानाचा मुद्दा मान्य करतो. तरी त्याच अपयशानंतर ग्योकेरेसला इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील कॉव्हेन्ट्रीतून आणून अमोरिम यांनी यंदा संघ पुन्हा पहिल्या स्थानावर आणला, हेही मोजले पाहिजे.

दियाझबद्दल आपण म्हणता ते खरे असेल. पण आपला उजवा बचावपटू अलेक्झांडर-अर्नॉल्ड याचा विचार करा. गेले वर्षभर आपण त्याला उजव्या बगलेतून मधल्या फळीत आणतो आहोत आणि त्याच्या मागे मोकळी राहणारी जागा कोनातेला एकट्याला राखावी लागते. तिघांची फळी असेल तर ती जागा कायमची राखलेली असते आणि तो मोकळेपणाने खेळू शकतो. सालाहही ३१ वर्षांचा आहे. त्याला रेषेवरून धावायला लावण्यापेक्षा गोलजवळ ठेवणे त्याच्या वयाला अधिक मानवेल.

प्रतिसाद २, पुन्हा

सालाह, व्हॅन डाइक आणि अलेक्झांडर-अर्नॉल्ड या तिघांचेही करार २०२५ मध्ये संपतात. जो कोणी जूनमध्ये येईल, त्याला पहिल्या सरावाच्या आधी या तिघांशी बोलावे लागेल, आणि तिघेही हेच विचारतील की तुमच्या संघात माझी जागा कोणती. अलेक्झांडर-अर्नॉल्डला अमोरिम यांचे उत्तर आवडू शकते हे मी मान्य करते. व्हॅन डाइक आणि सालाह यांना स्लॉट यांचे उत्तर कळायला वेळ लागणार नाही, कारण ते आज जे करत आहेत त्याच्याशी ते मिळतेजुळते असेल. तिघांपैकी दोघे राहिले तरी चालेल, असे समजून मी माझे मत स्लॉट यांना देते.