अल्टिमेट अलायन्स ३: टीम बोनस बघून हिरो निवडणं चूक आहे

बर्डी_कोऑप

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात सकाळी अकरानंतर पोरं घराबाहेर पडत नाहीत. मग चौघांनी मिळून खेळायला म्हणून ‘मार्व्हल अल्टिमेट अलायन्स ३’ पुन्हा निघतो. गेम २०१९चा आणि फक्त निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर, पण एका पडद्यावर चार सुपरहिरो घेऊन खेळायचा असा दुसरा अ‍ॅक्शन आरपीजी (मारामारी करत हिरोची ताकद वाढवत न्यायचा गेम) मला तरी दिसत नाही.

नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो: “चारही हिरो एकाच टीमचे घ्या, बोनस मिळतो.” हा सल्ला मला पटत नाही. एका गटाचे दोन हिरो घेतले की बोनस सुरू होतो, तीन-चार झाले की वाढतो, इथपर्यंत ठीक. पण तो वाढवतो काय, हे कोणी बघत नाही. साध्या ठोशांचं नुकसान हिरोच्या ‘स्ट्रेंग्थ’ या गुणावर ठरतं, पॉवर्सचं, म्हणजे खास हल्ल्यांचं, ‘मास्टरी’वर. जो हिरो लांबून किरण सोडूनच लढतो, त्याला स्ट्रेंग्थचा बोनस देऊन काय मिळणार?

बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, पडतो तो स्टॅगरमुळे, म्हणजे सुन्न झाल्यामुळे. त्याच्या हेल्थखाली जांभळा बार असतो. तो भरलेला असेपर्यंत बॉस मार खाऊनही जागचा हलत नाही आणि हेल्थही मुंगीच्या पावलाने उतरते. बार रिकामा झाला की काही सेकंद तो सुन्न होतो. खरं नुकसान तेव्हाच होतं, एक्स्ट्रीम हल्ला (मीटर भरल्यावर सुटणारा सगळ्यात जोरदार हल्ला) त्याच वेळी सोडायचा. हा बार झपाट्याने उतरवतात हेवी हल्ले आणि सिनर्जी, म्हणजे दोन हिरोंच्या जुळणाऱ्या पॉवर्स एकत्र. म्हणून हिरो निवडताना पॉवरसमोरच्या सिनर्जीच्या खुणा बघा. ज्याची एकही पॉवर बाकी तिघांशी जुळत नाही, तो कितीही आवडता असो, त्या चौघांत नको.

धंतोली_टँक

भाऊ, स्टॅगरचं एकदम बरोबर, पण त्यावरून बोनस सोडा म्हणणं चूक. एक हिरो एकाच वेळी चार-पाच गटांत मोडतो. नीट जुळवलं तर मिश्र टीमलाही तीन छोटे बोनस मिळतात. निवड पक्की करायच्या आधी बोनसची यादी समोर दिसते, तेवढी वाचायला काय हरकत आहे? सुपीरियर या अवघड पातळीवर व्हायटॅलिटी (हेल्थ) आणि ड्युरॅबिलिटी (मार सोसायची ताकद) थोडी जरी वाढली, तरी एका फटक्यात आडवा होणारा हिरो दुसऱ्या फटक्यापर्यंत टिकतो. आणि आडवा झालेला हिरो सिनर्जी करत नाही.

दुसरं म्हणजे, जुळणी शोधायला लोक दर चेकपॉइंटला हिरो बदलतात. बाहेर बसलेल्या हिरोला या गेममध्ये एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभव-गुण) मिळत नाही. दोन अध्याय बाकावर राहिला की तो मागे पडतो, मग ऐन बॉसच्या वेळी आणला तर टिकत नाही. सुरुवातीला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ टीमचे चारही जण हातात मिळतात. त्यांतले दोन धरून ठेवा, बाकी दोन जागा फिरवा.

बर्डी_कोऑप

बाकावरच्यांसाठी एक्सपी क्यूब आहेत ना. इन्फिनिटी रिफ्टमध्ये, म्हणजे कथेबाहेरच्या आव्हानांत, मिळतात. लहान क्यूब जपून ठेवण्यात अर्थ नाही, पण मोठे मात्र कथा संपेपर्यंत हात न लावता ठेवावेत.

मानेवाडा_चौकडी

तुम्ही दोघं एकट्या खेळाडूचा हिशोब मांडताय. सोफ्यावर चार पोरं बसली की भांडण बोनसचं नसतं, कॅमेऱ्याचं असतं. हिरोइक कॅमेरा, म्हणजे हिरोच्या पाठीमागून दिसणारा, एकट्याला किंवा पडदा दुभागून दोघांना. चौघांना वरून सगळ्यांना एकत्र दाखवणारा क्लासिकच घ्यावा लागतो, आणि त्यात एक जण जिना चढला अन् दुसरा खाली पेट्या फोडत बसला की कोणालाच धड काही दिसत नाही. एकाला पुढारी ठरवा, बाकीच्यांनी त्याच्या मागे. चौघांतले तीन हिरो उडणारे आणि किरण सोडणारे असतील तर पडद्यावर नुसता झगमगाट होतो, आपला हिरो कोणता तेच कळत नाही. निदान दोन जण जवळून लढणारे हवेत.

आणि नागपुरातल्यांनी एक लक्षात ठेवा. स्विच ५ ते ३५ अंशांत वापरा असं निन्टेन्डोच सांगते. मे महिन्यात आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त असतं. डॉक, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड, टीव्हीच्या कपाटात कोंबू नका, वरची आणि मागची जाळी मोकळी ठेवा. कूलरची ओली हवा थेट त्यावर नको, खोली गार करा म्हणजे झालं. चौघांना जॉय-कॉनच्या (स्विचच्या छोट्या कंट्रोलरच्या) दोन जोड्या पुरतात, आडवं धरून एकेक. स्टिक आपोआप सरकायला लागली तर आधी सेटिंगमध्ये कॅलिब्रेट करून बघा. तरी सरकत असेल तर ते जॉय-कॉन पुढाऱ्याच्या हातात देऊ नका.

धंतोली_टँक

कॅमेऱ्याचं मान्य. पण जवळून लढणारे दोन म्हटले की माझंच म्हणणं आलं बाप्पा. जवळ जाणाऱ्यालाच टिकाव लागतो, म्हणजे बोनस लागतो.

बर्डी_कोऑप

टिकाव अलायन्स एन्हान्समेंटमधूनही येतो. षटकोनी घरांची ती जाळी उघडली की फायदा सगळ्या हिरोंना, मग कोणीही टीममध्ये असो. क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, सुरुवातीला फार तुटपुंजे असतात आणि पॉवर वाढवायलाही तेच लागतात. चारही पॉवर थोड्या थोड्या वाढवण्यापेक्षा सिनर्जीची एकच पॉवर वाढवा, उरलेले क्रेडिट जाळीत टाका. बोनससाठी हिरो बदलला तर त्या पॉवरवर घातलेले क्रेडिट त्याच्याबरोबर बाकावर जातात. म्हणून बोनस शेवटी बघा म्हणतोय, बघूच नका असं नाही.

धंतोली_टँक

शेवटी नाही, दुसऱ्या नंबरवर. आधी सिनर्जीच्या खुणा, मग बोनस, मग आवड. फ्रेंडली या सोप्या पातळीवर कसंही चालेल. सुपीरियरवर हाच क्रम लावून बघा आणि पहिला हिरो किती वेळात आडवा होतो ते इथे सांगा.