मदत हवी आहे : पावसाचा नकाशा खरा मानायचा कसा?

राम राम मंडळी. मी आष्टी तालुक्यातला, जिल्हा बीड. मराठवाड्याच्या पावसाचा एक रंगीत नकाशा आमच्या गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरतोय. त्यात अख्खा बीड जिल्हा हिरवा, म्हणजे ‘सामान्य’. आमच्या विहिरीने तळ गाठलाय.

थोडं वाचल्यावर कळलं की हवामान खात्याच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढं सगळं ‘सामान्य’च. वर जिल्ह्याची सरासरी काढताना अंबाजोगाईकडचा पाऊस आणि आमचा पर्जन्यछायेतला पाऊस एकत्र होतो. महिनाभर कोरडा जाऊन दोन दिवसांत कोसळलेलं पाणीही बेरजेत तसंच धरलं जातं. सोयाबीन मात्र त्या कोरड्या महिन्यातच करपतं.

दुसरी शंका जुन्या-नव्या तुलनेची. एका तक्त्यात परभणीची लोकसंख्या १९९१ नंतर एकदम घटलेली दिसली. माणसं कुठे गेली नव्हती, १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता! पावसाच्या जुन्या आकड्यांतही असंच झालं असेल का?

मला ग्रामसभेत बोलायचंय, तेही पक्क्या आकड्यांवर. महसूल मंडळनिहाय (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार) रोजचा पाऊस जुन्या वर्षांसकट कुणी मिळवलाय का? अर्ज कुठे केला? आणि आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक नेमकं कुठे बसवलंय, झाडाखाली की भिंतीला लागून, हे कुणी जाऊन पाहिलंय का? कृपया सविस्तर सांगा.