गरम झाल्यावर घसरणारी ऑटोमॅटिक पिकअप : आधी तेल पाहा

पिकअप गाडी सकाळी नीट चालते, पण नागपूरजवळच्या वाडीच्या रहदारीत अडकून तापली की ड्राइव्ह (पुढे जाण्याचा गिअर) उशिरा लागतो आणि आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढूनही वेग वाढत नाही, हे तुमचे वर्णन वाचल्यावर गिअरबॉक्स लगेच उतरवण्याचा तुम्हाला आधी कुणीतरी दिलेला सल्ला मला घाईचा वाटतो. बिघाड केवळ गरम झाल्यावर दिसतो, हीच महत्त्वाची खूण आहे: गिअरबॉक्समधील तेल तापून पातळ होते, आणि पातळी कमी असेल किंवा सील झिजले असतील, तर आतले क्लच (गिअर पकडणाऱ्या चकत्या) घट्ट धरून ठेवण्याइतका दाब टिकत नाही.

डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) असल्यास बहुतेक गाड्यांत तेल तापलेले आणि इंजिन चालू असतानाच, सपाट जागी पातळी पाहायची असते. तरी आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते आधी वाचावे. मग तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तो काळपट असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लचच्या प्लेट बहुधा जळू लागल्या आहेत. दुधाळ गुलाबी दिसला, तर रेडिएटरमधील, हे तेल थंड करणारा कूलर फुटून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बहुधा तेलात मिसळले आहे. अशा वेळी गाडी अजिबात चालवू नका.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ आणि पंखा हेही तपासावेत. पॅन (गिअरबॉक्सखालचे तेलाचे भांडे) उघडण्यापूर्वी स्कॅनरवरचे कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे संकेत) मात्र लिहून ठेवा. बॅटरीची तार काढल्यास ते अनेकदा पुसले जातात.