दारावरच्या कॅमेऱ्याची क्लिप कोर्टात चालेल का?

कोथरूडच्या सोसायटीत गाडी फोडणारा शेजाऱ्यांच्या डोअरबेल कॅमेऱ्यात दिसला, ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलांना पाठवली, एवढं पुरे का, असं एकाने विचारलंय. पुरे नाही. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. मग त्याचं हॅश मूल्य (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तिचा ओळख-क्रमांक; फाइल जराशी बदलली तरी तोही बदलतो) मूळ फाइलशी जुळत नाही आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

शेजाऱ्यांना आजच ॲपमधून मूळ फाइल उतरवून घ्यायला सांगा. कार्ड भरलं की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, उशिराचा खरा घात हाच. विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने तिचं एसएचए-२५६ पद्धतीचं हॅश मूल्य काढून लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असेल तर किती मिनिटं, तेही नोंदवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागू आहे. त्याखाली क्लिपसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: 'अ' शेजाऱ्यांनी भरायचा, कारण उपकरण त्यांच्या ताब्यात आहे, 'ब' तज्ज्ञाने. प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली २०२० मध्येच अर्जुन खोतकर प्रकरणात ठरवलंय. शेजारी देत नसतील तर ते मागवून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो.