डोकं चालतं ठेवायला काय करता? (अनुभव धागा)

औटकी
वाण्याच्या दुकानात एक आजोबा "एकवीस दिडे साडेएकतीस" पुटपुटले आणि पावकी-निमकीची (अपूर्णांकांच्या पाढ्यांची) अख्खी रांग डोळ्यापुढे आली. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट (साडेतीन). पाठ नसली तरी तोडून जमतात. ३६ ची सवायकी: चौथाई ९ मिळवा, ४५. पाऊणकी: चौथाई वजा, २७. औटकी: तिप्पट १०८ अधिक निम्मे १८, १२६. भाजीलाही हेच. ८० रुपये किलोने पावणेदोन किलो म्हणजे १६० मधून पाव किलोचे २० गेले, १४०. फोनमधला कॅल्क्युलेटर नंतर, पडताळ्यापुरता.
तुम्ही काय करता? नुसतं "सुडोकू" नको, कसं ते लिहा.

माजघर
किराण्याची यादी लिहायची, पण दुकानात पिशवीतून काढायची नाही. १०-१२ जिन्नस घरातल्या जागांवर ठरलेल्या क्रमाने मांडायचे: उंबरा, चपलांचा रॅक, सोफा, देव्हारा, ओटा... उंबऱ्यावर गूळ वितळलाय, पाय चिकटतोय. सोफ्यावर तूरडाळीची दोन पोती टीव्ही बघतायत, म्हणजे दोन किलो. चित्र जेवढं वेडगळ तेवढं टिकतं.
घोळ दोन ठिकाणी होतो. साखर-मीठ शेजारी ठेवले की एक गळतं. आणि त्याच जागा लागोपाठ वापरल्या की मागच्या आठवड्यातलं जिरं परत पिशवीत. म्हणून दोन वाटा ठेवा, एक घरातली, एक जिन्यापासून गेटपर्यंतची. कुकर झाला, येते.

हुकमाची मेंढी
मेंढीकोट!! पण ५२ पत्ते लक्षात ठेवायला जाल तर तिसऱ्या हातालाच गोंधळ. फक्त हुकूम मोजा, आणि तेही बाहेरचे. आपल्याकडे ४ असतील तर बाहेर ९. पडेल तसे ८, ७, ६... "किती गेले" मोजलं की चुकतं, कारण आपलेही त्यात मिसळतात. हे हातात बसलं की चारपैकी कुठल्या मेंढ्या (दश्श्या) गेल्या ते धरा. मग कोणाकडे कुठला रंग संपला ते. तिन्ही एकदम नाही. बंद हुकमात (हुकूम कुठला ते आधी झाकलेलं असतं) चारही रंग सांभाळावे लागतात, नवख्यांनी तिथे जाऊच नये.

चहाबाज
बदामसात चालेल का काका?

हुकमाची मेंढी
त्याला डोकं कमी, पत्ता दाबून ठेवायचा खोडसाळपणा जास्त लागतो.

रिकामी चौकट
सुडोकूने मुख्यतः सुडोकूच सुधारतं, हे कटू आहे पण खरं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८०० हून अधिक लोकांवर झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' अभ्यासात ज्याला ज्याचा सराव दिला, त्याचं बहुतेक तेवढंच सुधारलं. तेव्हा एखादं कोडं चहा संपायच्या आत सुटायला लागलं की पातळी वाढवा किंवा खेळच बदला. पेन्सिलीच्या बारीक खुणा न करता सोडवून बघा, घाम फुटतो.

निमकी_ताई
१०० मधून ७-७ वजा: ९३, ८६, ७९, ७२, ६५. स्मरणशक्ती तपासताना डॉक्टर हेच विचारतात. रोज केलं की पाठ होतं आणि कष्ट संपतात, म्हणून आकडे बदला. २०३ मधून १३: १९०, १७७, १६४... दहा काढून तीन काढायचे, तिथेच जीभ अडखळते.
आणि एक, थोडं विषयांतर. विसरणं अचानक वाढलं असेल तर कोडी बाजूला ठेवा. आधी बी१२ आणि थायरॉईड तपासा (निव्वळ शाकाहारी घरांत बी१२ हमखास बघा), मग कान. नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत कमी ऐकू येणं आहे. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणाही आहे.

चहाबाज
ताई, कानांचं पटलं. आमच्याकडे टीव्ही वाढत वाढत ४० वर गेलाय.

उलटा_पाढा
फोन नंबर जोडी-जोडीने ऐकून लिहिताना तो उलटतो, कारण सत्तेचाळीसमध्ये आधी सात येतो, लिहायला मात्र आधी चार. म्हणून पूर्ण शब्द संपेपर्यंत पेन टेकवायचं नाही. एकोणसाठला तर हमखास ६ लिहिला जातो. तीन जोड्या डोक्यात धरून मग एकदम लिहा, जमलं की पाच.

रिकामी चौकट
बालभारतीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' चा (एकवीस, बावीसऐवजी) २०१९ चा वाद इथे काढू नका हं, धागा दोनशेवर जाईल.

माजघर
आले परत. भेंड्या कोणीच लिहिल्या नाहीत? गाण्यांऐवजी फक्त भाज्या किंवा फक्त गावं घ्या, आणि शेवटचं नाही तर मधलं अक्षर धरा. ळ, ण ने शब्द सुरू होत नाही, तिथे ल, न घ्यायचा हे आधीच ठरवा, नाहीतर भांडणं.

औटकी
वा. अडीचकी राहिली होती: दहापट करून चौथाई. ३६ चे ३६०, चौथाई ९०.

उलटा_पाढा
औटकी पण सोपी होते मग. सातपट करून निम्मे. २५२ चे १२६.

चहाबाज
पाऊण किलो बोंबील, ३२० ने?

निमकी_ताई
२४०. कुठल्या बाजारात हो हा भाव?