'बिटवीन यू अँड आय' म्हणणाऱ्याला इंग्रजी येत नाही?

रेघोटी
काल एक टिपण फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. "जो 'बिटवीन यू अँड आय' म्हणतो त्याला इंग्रजी येत नाही, नुसतं मिरवता येतं," असं त्यात ठासून लिहिलंय. सोडून देणार होते, पण राहवेना.

नियम मलाही ठाऊक आहे. बिटवीन, फॉर, टू, विथ यांच्यापुढे 'आय' नाही, 'मी' येतो (इंग्रजीतला, आपला नव्हे). पण हा 'आय' तिथे येतो कुठून ते तरी बघा. लहान मूल म्हणतं, 'मी अँड माय ब्रदर वेंट'. लगेच कुणीतरी दटावतं, 'माय ब्रदर अँड आय' म्हण. दहादा दटावल्यावर त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की जोडी आली की शेवटी 'आय' लावायचा, म्हणजे बोलणी बसत नाहीत. तेच मूल मोठं होऊन चारचौघांत जपून बोलायला जातं आणि 'फॉर माय वाइफ अँड आय' म्हणून बसतं. हा निष्काळजीपणा नव्हे. काळजी घेण्याच्या नादात झालेली चूक आहे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ मरण समोर दिसत असताना बसॅनिओला पत्र लिहितो, त्यातही 'बिटवीन यू अँड आय'च आहे. तोही मिरवत होता का?

खडूफळा
तीव्र असहमती. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे हे प्रेमाने खपवून घेणं मला जमणार नाही.

मी वर्गात एकच युक्ती सांगायचो. जोडीतल्या दुसऱ्या माणसावर बोट ठेवून त्याला झाका आणि वाक्य पुन्हा वाचा. १९९२च्या प्रचारात बिल क्लिंटन म्हणाले होते, 'गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स'. गोर म्हणजे त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. गोरना झाका. 'गिव्ह आय अ चान्स' कुणी म्हणेल? नाही ना? मग विषय संपला.

राहता राहिला शेक्सपिअर. ते नाटक १६०० साली छापलं गेलं. शाळेत इंग्रजी व्याकरण घोकून घ्यायची पद्धत त्यानंतर कितीतरी वर्षांनी रुजली. लाउथचं व्याकरणाचं पुस्तक १७६२चं, मरेचं १७९५चं. मग अँटोनिओला कोणत्या मास्तरांनी दटावलं होतं, रेघोटीताई? तुमचा दाखलाच तुमचं कारण खोडून काढतोय.

टंकयंत्र
खडूफळा सरांना +१. त्याहून मोठा रोग म्हणजे 'मायसेल्फ'. 'प्लीज कॉन्टॅक्ट माय कलीग ऑर मायसेल्फ'. 'आय' की 'मी' ते ठरत नाही म्हणून लोक 'मायसेल्फ'च्या आडोशाला जातात.

माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पत्रात 'बिटवीन द क्लायंट अँड मी' असं बरोबर लिहिलं होतं. साहेबांनी लाल शाईने 'मी' खोडून 'आय' केलं आणि वर "जरा नीट इंग्रजी लिहीत जा" असं सगळ्यांसमोर सुनावलं. मी खाली मान घालून पत्र पुन्हा टाइप केलं. अठरा वर्षं झाली, तो लाल 'आय' अजून डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे 'काळजी घेण्याच्या नादात' वगैरे मला सांगू नका. ती काळजी दुसऱ्याच्या डोक्यावर आदळते.

अनुस्वार
सर, तुमची झाकून बघायची युक्ती एका साध्या वाक्यावर चालवा. 'शी अँड हर सिस्टर आर हिअर'. बहिणीला झाका. 'शी आर हिअर'? म्हणजे हे निर्दोष वाक्यही चुकीचं ठरलं! भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४च्या 'द लँग्वेज इन्स्टिंक्ट'मध्ये क्लिंटनच्या त्याच वाक्याचा असा बचाव केला आहे. जोडीचं वचन तिच्यातल्या एकेकाच्या वचनावरून ठरत नाही, मग जोडीची विभक्ती एकेकाला लागलीच पाहिजे हा आग्रह कशासाठी? हडलस्टन आणि पुलम यांचं २००२चं केंब्रिज व्याकरणही 'टू अमुक अँड आय' ही धाटणी प्रमाण इंग्रजीतच धरतं.

मराठीत तर आपण हे रोज करतो. 'मी आणि माझी बहीण यांच्यात वाद झाला.' इथे 'मी' जसाच्या तसा आहे, 'माझ्या' झालेला नाही. विभक्ती सगळ्या जोडीला मिळून लागली.

खडूफळा
जोडीला लागली नाही, 'यांच्यात'ला लागली! मराठीने ते ओझं उचलायला वेगळं सर्वनाम ठेवलंय, म्हणून 'मी' मोकळा राहिला. इंग्रजीत तो हमाल आहे कुठे? आणि 'यांच्यात' काढून टाकलंत की काय उरतं? 'तुझ्यामाझ्यात'. दोन्ही रूपं बदलतात. 'तूमाझ्यात' किंवा 'तुझ्यामीत' कुणी म्हणून दाखवावं.

वचनाचा मुद्दा मात्र मला आधी सुचला नव्हता. युक्ती विभक्तीपुरतीच वापरायची, क्रियापदाला लावायची नाही, एवढं कबूल. त्याहून जास्त नाही.

सांजवारा
मला तर 'आय' शेवटीच का, हाच प्रश्न पडतो. मराठीत 'मी आणि ताई' म्हटलं की कुणी उद्धट ठरवत नाही.

अनुस्वार
तो शिष्टाचार झाला. पण नामांच्या जोड्यांचा क्रम शिष्टाचारावर चालत नाही. 'लॉ अँड ऑर्डर', 'सॉल्ट अँड पेपर', 'लेडीज अँड जंटलमेन' उलटे करून बघा, कानाला खटकतं. भाषाशास्त्रज्ञ मालकिएल यांनी १९५९ साली अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर लेख लिहिला. पाणिनीने द्वंद्व समासासाठी हे केव्हाच सांगून ठेवलंय, 'अल्पाच्तरम्', ज्यात स्वर कमी तो शब्द आधी. वरच्या तिन्ही जोड्या मोजून बघा.

टंकयंत्र
'हस्बंड अँड वाइफ' मोजा की मग. लांब शब्द आधी आलाय.

अनुस्वार
त्यासाठी वार्त्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी आहे, 'अभ्यर्हितं च'. ज्याचा मान मोठा तो आधी.

सांजवारा
म्हणजे नवऱ्याचा मान मोठा म्हणून तो आधी, आणि हे तुम्ही सूत्र म्हणून सांगताय? 'ब्राइड अँड ग्रूम'मध्ये काय होतं? 'आईवडील', 'मायबाप', 'सीताराम', 'राधाकृष्ण', तिथे कुणाचा मान? माझ्या लग्नानंतर प्रत्येक कागदावर माझं नाव दुसरं आलं. विचारलं तर "तशीच पद्धत आहे" एवढंच उत्तर. आता व्याकरणाचाही दाखला मिळाला म्हणायचा.

अनुस्वार
सूत्र मी लिहिलेलं नाही. आणि त्याच वार्त्तिकाने 'मातापितरौ'त आईला पहिला मान दिलाय, तेवढं वाचायचे कष्ट घ्या.

सांजवारा
आई झाल्यावर मान, बायको असताना नाही. हेच म्हणतेय मी. आणि कष्टांचं मला शिकवू नका.

टंकयंत्र
सांजवाराताईंचं पटतंय. क्रम लावणारा कुणीतरी असतोच, तो आपोआप लागत नाही.

अनुस्वार
काही जोड्यांत लावणारा असतो. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये कुणाचा मान जपलाय ते सांगा. 'कष्ट घ्या' असं म्हणायला नको होतं, तेवढं मागे घेतो.

रेघोटी
मूळ मुद्द्यावर येते. सर, अँटोनिओचा तुमचा आक्षेप बिनतोड आहे. रात्री बराच विचार केला, दटावणी हे एकमेव कारण नाही हे मानायलाच हवं. जोडीत सर्वनामाचं रूप सैल पडतं, त्याची ओढ आधीपासून होती आणि दटावणीने ती वाढवली, असं आता मी म्हणेन. टंकयंत्र, तुमच्या साहेबांनी केलं ते चूकच. पण 'आय' म्हणजे नीट इंग्रजी, हे त्यांनाही लहानपणी कुणीतरी असंच सुनावलं असणार.

टंकयंत्र
असेल. पण मग त्यांनी तरी दुसऱ्याला सुनवायचं नव्हतं.

खडूफळा
एक सांगतो. मुलांनी तोंडी 'मी अँड माय फ्रेंड वेंट' म्हटलं की मीही लगेच 'अँड आय' असं ओरडायचो. कारण सांगायचो नाही, तेवढा वेळच नसायचा. झाकून बघायची युक्ती आठवी-नववीत सांगायचो, तोवर 'अँड आय' जिभेवर बसलेला असायचा. तेवढी चूक माझ्या पदरात. पण 'बिटवीन यू अँड आय' लेखी आलं तर आजही खोडणारच.

रेघोटी
खोडा. मीही भाषांतरात खोडतेच. फक्त बाजूला 'बिटवीन अस' लिहून दाखवा, 'बिटवीन वी' कुणीच म्हणत नाही. मूल स्वतःच सुधारेल.